उरलेले एक्कावन्न आठवडे

३ तारीख, सोमवार

मला कोणी विचारलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आईला विचारलं होतं. सहलीला जायचं ठरलं, ते पाळण्यांच्या मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं, कुठे उतरायचं यावर नवरा-बायकोची वादावादीसुद्धा होऊन गेली. आणि मला कळलं कधी? नात दात घासताना फेसाळ तोंडाने म्हणाली तेव्हा. "आजी, तुला पण नेणारेत." नेणारेत! जशी मी कपड्यांची पिशवी.

बरं, आता रामराम वगैरे. ही वही नातीची. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मागची पानं तिने मला दिली. "आजी, तुझी बडबड इथे कर, मला अभ्यास करू दे," म्हणाली. नऊ वर्षांची आहे, एका जागी टेकत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. मी शिकले तिसरीपर्यंत. पुढे तीस वर्षं कारखान्यात गाद्या शिवल्या. माझं अक्षर वाकडं असेल, टाका कधी वाकडा पडला नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आम्ही राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावर हसून हसून आम्ही आता थकलो. सून शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कापड बेतते.

तर भांडण असं. मुलाला केबिन हवी. पार्कला लागून झाडीत लाकडी खोल्या आहेत, एका खोलीत चार बिछाने, दोन वर दोन खाली. दोन दिवस राहायचं, पोरीला पाळण्यात बसवायचं आणि परत. याच महिन्यात, २२ तारखेला खोली रिकामी आहे. सुनेला व्हिला हवा. तोही असातसा नाही, टाइमशेअरचा. म्हणजे घर एक आणि मालक ढीगभर. आपण पैसे भरायचे आणि वर्षातला एक आठवडा घर आपलं. असं वीस वर्षं. पहिला आठवडा मिळतो तो चार महिन्यांनी.

मी साधा प्रश्न विचारला. "एक आठवडा आपण. मग उरलेले एक्कावन्न आठवडे तिथे राहतं कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सून उठली आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला लागली.

आता मी या दोघांवर नजर ठेवणार.

४ तारीख, मंगळवार

फ्रिजवर चुंबकाखाली कागद होता. सुनेचं अक्षर. एकेक शब्द लावून वाचला, वेळ लागला, पण वाचला.

खालच्या मजल्यावरच हवं. पायऱ्या नकोत. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का? चाकांची खुर्ची मिळेल का? जवळ दवाखाना किती अंतरावर?

चाकांची खुर्ची! अगं, मी रोज तीन मजले उतरते, बाजारात जाते, भाव करते आणि चार किलो ओझं घेऊन परत चढते. मला खुर्ची?

कागद होता तसा चुंबकाखाली ठेवला. मग उगाचच फ्रिज पुसला, कोणी बघितलं तर काहीतरी काम करत होते असं दिसावं म्हणून.

खालच्या मजल्यावरच्या टोप्या विणणाऱ्या बाईला तिच्या मुलाने असंच नेलं होतं. "चार दिवस हवापालट." चार दिवसांनी मुलगा परत आला, बाई आली नाही. तिच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे. मी स्वतः बघितलं.

६ तारीख, गुरुवार

आज दाखवून दिलं. मुलाची कामावरून यायची वेळ साधून खाली गेले, पाच किलो बटाटे घेतले आणि तो जिन्याला लागला तशी त्याच्या पुढून चढायला लागले. कठड्याला हात लावला नाही. दुसऱ्या मजल्यावर वळून बघते तर हा पायरीवर बसलेला.

"काय रे, म्हातारी मी की तू?"

"चप्पल सरकली, आई. तू हो पुढे."

"लिफ्टवाला ना तू? मग लाव की इथे एक."

तो हसला, पण हसता हसता मध्येच थांबला आणि तोंड उघडं ठेवून बसून राहिला. बसून बसून ही गत झाली आहे. दोन महिन्यांपासून त्याला टेबलाचं काम दिलंय. आता वर-खाली चढायचं नाही, तक्रारीचे फोन घ्यायचे. बढती मिळाली म्हणतो. बढती मिळालेला माणूस बूट घालतो, हा चपला घालून जातो. पाय आवळतात म्हणे. मी म्हटलं, खाणं कमी कर. तो म्हणाला, बरं.

मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मी चढले, पाच किलो घेऊन चढले, त्याने डोळ्यांनी बघितलं, आणि तरी कागदावरची चाकांची खुर्ची कोणी खोडली नाही. मी परत बघून आले.

९ तारीख, रविवार

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर २७ तारखेभोवती लाल गोल आहे. बाकी काही लिहिलेलं नाही. दूध, वीजबिल, भिंगरीची परीक्षा, सगळ्याला शब्द आहेत. याला नुसता गोल.

"हे काय?" मी सुनेला विचारलं.

"दुकानाचं आहे, आई. मोठी ऑर्डर."

मुलाला वेगळं गाठून विचारलं. "ऑफिसचं काम आहे गं."

एकाच दिवशी एकाच गोलात दोघांचं काम. खोटं तरी आधी दोघांनी मिळून ठरवावं!

मी दुपारी दार लावून पिशवी भरली. चार कपडे, चष्मा, सुई-दोऱ्याचा डबा, पेन्शनचं पुस्तक. कुठे जाणार ते ठाऊक नाही. पण मला उचलून न्यायला आले तर निदान माझी पिशवी मी भरलेली असावी. भरून झाल्यावर पिशवी खाटेखाली ढकलली आणि वर बसले. बाहेर भिंगरी दोरीवर उड्या मारत मोजत होती, मी तिच्याबरोबर मोजत बसले. त्र्याऐंशीला ती अडखळली.

आता मला सगळी जुळणी लागली आहे. व्हिला आपल्या नावावर. आठवडाभर सगळ्यांनी राहायचं, मग तिघांनी परत यायचं. उरलेले एक्कावन्न आठवडे घर झाडायला, खिडक्या उघडायला कोणीतरी लागणारच. दांडा आहे, खुर्ची आहे, दवाखाना जवळ आहे. आणखी काय हवं म्हातारीला?

मी केबिनच्या बाजूची. केबिनमध्ये कोणाला मागे ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुसरं कुटुंब येतं.

१३ तारीख, गुरुवार

आज त्या व्हिलावाल्यांच्या ऑफिसात गेलो, चौघंही. त्यांचा विकणारा माणूस असा की बोलताना ओठ चिकटतील इतका गोड. मी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. भिंगरीला फुगा दिला, मला "आजी, तुमच्यासाठी खास मऊ खुर्ची" म्हणाला. मी उभीच राहिले.

तिथे नमुन्याची एक खोली करून ठेवली होती. पलंग, पडदे, खोटी खिडकी, खिडकीत पार्कच्या पाळण्याचा फोटो. मी गादीवर मूठ दाबली. कडेला दुहेरी शिलाई दाखवलेली, आत एकेरी, आणि कोपऱ्यात भरणी कमी.

"वर्षभरात खड्डा पडेल हिला," मी म्हटलं.

"आजींना गाद्यांतलं बरंच कळतं वाटतं!"

"तुम्हाला कळत नाही म्हणून सांगितलं."

मुलगा गालात हसला. सून हसली नाही. ती भिंतीवरचा तक्ता बघत होती, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, असा विसाव्यापर्यंत. प्रत्येक वर्षाला एक चित्र. शेवटच्या चित्रात नवरा-बायकोचे केस पांढरे आणि मुलीच्या कडेवर बाळ. सून ते चित्र अशी बघत होती की जणू तिच्या ओळखीची माणसं आहेत.

मग फॉर्म आला. गोडबोल्या म्हणाला, "मुख्य सभासद कोण? साहेबांचं नाव लिहू?"

"तिचं लिहा," मुलगा म्हणाला.

"माझं नाही. यांचं," सून म्हणाली.

"अगं, तुझ्या नावावर असलेलं बरं."

"तुमच्या नावावर असेल तर घ्यायचं, नाहीतर मला नकोच."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट तुम्ही करताय. वीस वर्षांवर सही करायला हात का अडतो तुमचा?"

आयुष्यात बाई मालमत्ता नाकारताना पहिल्यांदा बघितली. गोडबोल्याचं पेन हवेत. मुलाने कॉलरमध्ये बोट घालून मान मोकळी केली आणि म्हणाला, "केबिन बरी. २२ ला जाऊन येऊ. २७ च्या आधी. माझं ऐक."

"२७ च्या नंतर," सून म्हणाली. "मला नंतर जायचंय. नंतरच जायचंय."

मला वाटलं, आता आपण बोललो नाही तर संपलं. बोलले, आणि मोठ्याने बोलले. "वीस वर्षं कोणी बघितली आहेत? एवढी आशा कशाला धरायची? केबिन घ्या, एकदा जाऊन या, एकदा पुरे. उगाच नसत्या वर्षांचे पैसे भरू नका."

मला वाटलं होतं मुलगा खूश होईल, मी त्याच्या बाजूने बोलले. तो खूश झाला नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला थोबाडीत मारली. मग मान हलवून म्हणाला, "आई बरोबर बोलते."

सून बाहेर निघून गेली. फॉर्म मात्र तिने पर्समध्ये घातला होता. गोडबोल्या म्हणाला, २१ तारखेपर्यंत भरून द्या, नंतर हा भाव राहणार नाही.

१४ तारीख, शुक्रवार

सून माझ्याशी बोलत नाही. चहा देते, कप ठेवते, आवाज न करता ठेवते. कप आपटला असता तर बरं वाटलं असतं. माझा डाव साधला तरी मला भीतीच वाटते. आता तर जास्त वाटते.

१७ तारीख, सोमवार

आज घरात मी एकटी होते. महिन्यातून एकदा मी सगळ्यांच्या गाद्या उलटते, माझा नेम आहे. मुलाच्या खोलीतली गादी उलटायला घेतली आणि थांबले.

तीस वर्षं मी गाद्या शिवल्या. वापरलेल्या गाद्या दुरुस्तीला यायच्या. खड्डा बघून मी सांगायचे, माणूस कुशीवर झोपतो की उताणा, जड आहे की हलका, एकटा आहे की दुकटा. बायका म्हणायच्या, हिला चेटूक येतं. चेटूक कसलं. अंग खोटं बोलत नाही.

मुलगा लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपतो, गुडघे पोटाशी घेऊन. गादीत खांद्याचा आणि कमरेचा खड्डा पडतो. आज त्याच्या बाजूला खांद्याचा खड्डा नव्हता. वरची अर्धी गादी नवी असल्यासारखी सपाट. मधोमध एकच खोल खड्डा, बसलेल्या माणसाचा. आणि पलंगाच्या उशाला भिंतीचा रंग घासून गेलेला, पाठ टेकून टेकून.

माझा मुलगा झोपत नाही. बसून असतो.

असा खड्डा मी एकदा पाहिलाय. कारखान्यात मुकादमाची गादी आली होती. त्याला आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. आम्ही ती गादी उसवून नीट करून दिली, घ्यायला कोणी आलं नाही.

मी गादी उलटली नाही. होती तशी ठेवली, चादर ताणली. मग त्याच पलंगाच्या कडेवर बसले आणि एकेक करून सगळं आठवत गेलं. दुसऱ्या मजल्यावरची पायरी. चपला. टेबलाचं काम. दांडा. खुर्ची.

खुर्ची माझ्यासाठी नव्हती.

आणि मी त्या ऑफिसात काय बोलले! चारचौघांत, त्याच्या तोंडावर, त्याच्या आईने. नसत्या वर्षांचे पैसे भरू नका.

१८ तारीख, मंगळवार

सून बटाटे सोलत होती. मी शेजारी बसले, दुसरी सुरी घेतली. दोन बटाटे सोलले.

"खुर्ची त्याच्यासाठी आहे ना?"

तिचा हात थांबला.

"२७ ला काय आहे?"

"आई, मला विचारू नका. शपथ घालून ठेवली आहे त्यांनी."

"शपथ मोडायची नाही तर मोडू नकोस. मी बोलते, तू सोलत राहा. चुकलं तर थांब." मी म्हटलं, "त्याचं काळीज दमलंय."

ती सोलत राहिली.

"२७ ला कापणार."

सोलत राहिली. साल इतकी जाड निघत होती की अर्धा बटाटा सालीत जात होता.

"तो बरा होईल म्हणाले ना डॉक्टर?"

ती थांबली. मग म्हणाली, "अर्धं-अर्धं म्हणाले."

तिने सालीत घालवलेला बटाटा मी वेचून भांड्यात टाकला.

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, आई घाबरेल."

"मी? मी कधी कोणाला घाबरले?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या खाटेखाली भरलेली पिशवी आहे, आई. मी झाडताना बघितली. मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि आम्हाला सोडून निघालात."

एक्कावन्न आठवड्यांची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, टोप्यावाल्या बाईसकट. तिने सुरी खाली ठेवली आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला जे सुरू झालं ते हसणं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते जमत नाही, गादीची भरणी बसवतात तसं थापटलं.

"बाई गं, त्या दिवशी मी जे बोलले ना ऑफिसात..."

"त्यांनी मनाला लावून घेतलंय," ती म्हणाली. "म्हणतात, आईसुद्धा म्हणाली एकदा पुरे."

१९ तारीख, बुधवार

तीन वेळा विचारायला गेले. सकाळी तो चपला घालत होता, मी म्हटलं, "डबा घेतलास?" संध्याकाळी दारात उभा राहून दम घेत होता, मी म्हटलं, "चहा देऊ?" जेवताना भिंगरी पाण्याला उठली, आम्ही दोघंच, त्याने वर बघितलं आणि मी म्हटलं, "मीठ दे."

बाजारात मी कोणाला ऐकत नाही. मुकादमाशी भांडून पगार वाढवून घेतला होता मी. आणि आपल्या पोटच्या पोराला एक प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. ३ तारखेपासून मी भितेच आहे, पण ती भीती माझ्यापुरती होती, पिशवीत मावत होती. ही मावत नाही.

भिंगरी झोपायच्या आधी म्हणाली, "आजी, केबिनमध्ये वरचा बिछाना माझा आणि खालचा बाबांचा. ठरलंय आमचं." मी बरं म्हटलं.

२० तारीख, गुरुवार

पोरा, हे पान तुला आहे. वही तुझ्या डब्याच्या पिशवीत घालते आहे. टेबलाचं काम आहे तुझं, वाचायला वेळ मिळेल.

मागची पानं वाचलीस तर वाच. तुझी आई किती मूर्ख आहे ते कळेल, हसू आलं तर हस, पण हळू. सुनेने मला आपणहून काही सांगितलं नाही. शपथ तिने मोडली नाही, तिच्यावर चिडायचं नाही. मला गादीने सांगितलं.

मी त्या माणसासमोर जे बोलले ते मागे घेते. माझ्या आयुष्यात मी बोललेलं मागे घेतलेलं नाही, हे पहिलं. ते मी माझ्या जिवाला भिऊन बोलले होते, तुझ्याबद्दल नव्हे. आई म्हणाली एकदा पुरे, असं परत कुठे सांगत फिरायचं नाहीस. आईचं एकदा पुरलेलं नाही.

उद्या २१. केबिनवाल्याला होय-नाही कळवायचंय आणि गोडबोल्याला फॉर्म द्यायचाय. केबिन म्हणजे २७ च्या आधी आणि व्हिला म्हणजे २७ च्या नंतर, एवढं आता मलाही कळतं. तू आधी म्हणतोस कारण नंतरचं तुला दिसत नाही. ती नंतर म्हणते कारण आधी गेलो तर तुला पोचवायला गेल्यासारखं तिला वाटेल. दोघंही भ्यायलात आणि दोघंही एकमेकांवर ओरडताय. मी तिसरी. माझ्याकडून सल्ला नाही, कौल नाही, मी केबिनची नाही आणि व्हिलाचीही नाही. जिथे जाशील तिथे मी खालच्या बिछान्यावर तुझ्या पाठीशी उशी लावून बसेन, बसून झोपणाऱ्याला उशी कुठे लावायची ते मला चांगलं माहीत आहे.

पण मला ऐकायचंय. डॉक्टर काय म्हणाले, अर्धं म्हणजे कोणतं अर्धं, तुला स्वतःला काय वाटतं, आणि आपण आधी जायचं की नंतर.

संध्याकाळी सून भिंगरीला घेऊन दुकानात जाईल, मी तसं सांगून ठेवलंय. घरात आपण दोघंच असू. उत्तर तू द्यायचं. बायकोला पुढे करायचं नाही. पोरीच्या हाती निरोप द्यायचा नाही. दवाखान्याचे कागद माझ्यापुढे टाकायचे नाहीत, ते मला वाचता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. जिना चढून आलास की आधी बस, दम खा, मी घाई करणार नाही. मग माझ्याकडे बघ, आणि तुझ्या तोंडाने तू सांग.